काळा पडलेला फोटो : डिथ प्रान आणि नॉम पेन्हमधले ते नऊ दिवस

पत्रकारितेच्या वर्गात मी दरवर्षी मुलांपुढे एक प्रसंग ठेवते. युद्धात सापडलेलं शहर. ते पडायला जेमतेम पाच दिवस उरलेत. परदेशी वर्तमानपत्राच्या बातमीदाराने तिथेच थांबायचं ठरवलंय. त्याच्या स्थानिक सहकाऱ्याची बायको आणि चार मुलं आज देश सोडून निघाली आहेत, आणि सहकाऱ्यालाही त्यांच्याबरोबर जाता येईल. बातमीदाराने त्याला काय सांगावं?

बहुतेक मुलं लगेच म्हणतात, "मॅडम, त्याचा निर्णय त्यालाच घेऊ द्यावा." उत्तर सभ्य आहे, समजूतदारही आहे. मग मी उरलेली हकीकत सांगते, सिनेमा दाखवते, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारते. तेव्हा वर्ग गप्प असतो.

प्रसंग खरा आहे. तारीख १२ एप्रिल १९७५, शहर कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. बातमीदार 'न्यूयॉर्क टाइम्स'चे सिडनी शॅनबर्ग, सहकारी डिथ प्रान. या दोघांवरचा 'द किलिंग फील्ड्स' १९८४ साली आला. दिग्दर्शक रोलंड जोफे यांचा हा पहिलाच चित्रपट, निर्माते डेव्हिड पुटनम, पटकथा ब्रूस रॉबिन्सन यांची. आधार होता शॅनबर्ग यांनी २० जानेवारी १९८० रोजी टाइम्सच्या रविवारच्या मासिकात लिहिलेल्या दीर्घ लेखाचा. घडलं ते आणि पडद्यावर दाखवलं ते, दोन्ही इथे शेजारी शेजारी ठेवते आहे. घोटाळा नको म्हणून पडद्यावरच्या प्रानला 'तो' म्हणेन आणि प्रत्यक्षातल्या प्रान यांना 'ते'. मराठीत ही सोय आहे, ती वापरते.

दुसऱ्याच्या तोंडून ऐकणारा बातमीदार

शॅनबर्ग नवखे नव्हते. आपल्याला ते आणखी एका कारणासाठी ठाऊक असायला हवेत: टाइम्सचे दिल्लीतले प्रतिनिधी म्हणून त्यांनी १९७१चं बांगलादेश युद्ध पाहिलं. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्कराने कत्तल सुरू केली, तेव्हा ते तिथे होते. पाकिस्तानी लष्कराने परदेशी बातमीदारांना हाकलून लावलं, त्यांत तेही होते. माणसं कशी मारली जातात आणि बातमीदाराला आधी का बाहेर काढलं जातं, हे कंबोडियाच्या शेवटच्या दिवसांआधीच त्यांना पुरतं कळलं होतं.

प्रान यांचा जन्म १९४२चा, अंगकोरच्या देवळांजवळच्या सिएम रीप गावचा. फ्रेंच भाषा शाळेत शिकलेली, इंग्रजी स्वतःच्या कष्टाने कमावलेली. अमेरिकी लष्करी तुकडीचे दुभाषे, मग अंगकोरजवळच्या हॉटेलात स्वागतकक्षात नोकरी. युद्ध आलं, पर्यटक आटले, नोकरी गेली. १९७२ पासून ते शॅनबर्ग यांच्याबरोबर काम करू लागले.

या कामाला परदेशी पत्रकार 'फिक्सर' म्हणतात. आपल्याकडे या शब्दाला क्रिकेटमुळे वाईट वास लागलाय, म्हणून मी तो टाळते. काम मात्र नीट समजून घ्यायला हवं. गाडी कुठे मिळेल, कुठल्या चौकीवरचा शिपाई पैसे घेतो आणि कुठला गोळी घालतो, रुग्णालयातला कुठला डॉक्टर खरा आकडा सांगेल, तारघर किती वाजेपर्यंत चालू राहील, हे सगळं त्याने पाहायचं. समोरची बाई रडत काय बोलते आहे तेही त्यानेच सांगायचं. बातमीवर नाव दुसऱ्याचं. आपल्या जिल्हा आवृत्त्यांतला तालुका वार्ताहर याच जातीचा. बातमी त्याची, वर छापलेलं असतं नुसतं 'प्रतिनिधी'.

सिनेमा सुरू होतो १९७३च्या नेअक लुआंगपासून. त्या वर्षी ६ ऑगस्टला अमेरिकेच्या बी-५२ विमानाने चुकून मित्रपक्षाच्याच, म्हणजे कंबोडियन सरकारच्या ताब्यातल्या, या गावावर बॉम्ब टाकले. १३७ माणसं मेली, २६८ जखमी झाली. अमेरिकी दूतावासाला हे दाबून टाकायचं होतं, बातमीदारांना तिथे पोहोचू द्यायचं नव्हतं. शॅनबर्ग आणि प्रान होडीने पोहोचले. ती होडी मिळवली कोणी, हे वेगळं सांगायला नको. कंबोडियावरची अमेरिकी बॉम्बफेक त्यानंतर नवव्या दिवशी, १५ ऑगस्टला, थांबली.

१२ एप्रिल

१९७५च्या एप्रिलपर्यंत ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या बंडखोरांनी नॉम पेन्हला चहूकडून वेढलं होतं. आसपासच्या खेड्यांतून पळून आलेल्या लाखो निर्वासितांनी शहर फुगलं होतं. १२ तारखेला अमेरिकेने हेलिकॉप्टर आणून आपला दूतावास रिकामा केला. प्रान यांची पत्नी सर मोअन आणि चार मुलं त्यातून गेली. शॅनबर्ग यांना न्यूयॉर्कमधल्या वरिष्ठांनी निघायला सांगितलं होतं. ते थांबले. प्रान यांनीही थांबायचं ठरवलं.

का थांबले? दोघांनाही वाटत होतं की लढाई संपली की रक्तपातही संपेल. पाच वर्षांच्या यादवीला शहर कंटाळलं होतं. जिंकणारे शेवटी आपलेच ख्मेर, म्हणजे कंबोडियातले बहुसंख्य लोक, ते सूड किती उगवतील, असा हिशोब नॉम पेन्हमधल्या अनेक शहाण्या माणसांनी केला होता. त्या हिशोबाला हसू नये. त्याच दिवशी, बाकी सगळे शहर सोडत असताना, ब्रिटिश बातमीदार जॉन स्वेन बँकॉकहून शेवटच्या विमानाने उलटे शहरात उतरले होते.

पण एक गोष्ट त्या दिवशी कोणी बोललं नाही. हिशोब चुकला तर शॅनबर्ग यांच्या खिशात अमेरिकेचा पासपोर्ट होता. प्रान यांच्या खिशात काय होतं? दोघांनी घेतलेला धोका एकच वाटत होता, तो एक नव्हता. माझ्या मते सबंध प्रकरण या जागेवर अडतं. प्रान यांनी आपणहून थांबायचं ठरवलं, हे खरं. पण ज्यांच्या पगारावर घर चालतं, ज्यांच्याबरोबर तीन वर्षं गोळीबारात हिंडलो, ते थांबलेले दिसत असताना "मी निघतो" म्हणणं किती मोकळेपणाने जमलं असतं? शॅनबर्ग यांनी हा प्रश्न स्वतःला पुढे साडेचार वर्षं विचारला. सिनेमातही ते लपवलेलं नाही. सॅम वॉटरस्टनने रंगवलेला शॅनबर्ग तापट आहे, प्रानवर खेकसतो, त्याला राबवून घेतो. दोस्तीच्या गोष्टीत मोठ्या माणसाला इतकं न आवडण्याजोगं दाखवायला धैर्य लागतं.

नदीकाठचे दोन तास

१७ एप्रिलला शहर पडलं. सकाळी लोकांनी पांढरी फडकी लावून काळ्या कपड्यांतल्या सैनिकांचं स्वागत केलं. दुपारपर्यंत बंदुका रोखून सगळं शहर रिकामं करायला सुरुवात झाली होती. रुग्णालयंही सुटली नाहीत. सलाइनच्या बाटलीसकट खाटा ढकलत नातेवाईक एप्रिलच्या उन्हात हमरस्त्याने चालले होते.

शॅनबर्ग, स्वेन, छायाचित्रकार अल रॉकऑफ, प्रान आणि त्यांचा ड्रायव्हर रुग्णालयातली परिस्थिती बघून बाहेर पडत असताना ख्मेर रूजच्या एका तुकडीने त्यांना धरलं. डोक्याला बंदुका लावून चिलखती गाडीत चढायला सांगितलं. प्रान यांना आत येण्याची सक्ती नव्हती. ते निघून जाऊ शकत होते. त्यांनी सैनिकांशी वाद घातला तो आपल्यालाही आत घ्यावं म्हणून. आपण गेलो तर या तिघांसाठी बोलणारं कोणी उरणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

गाडी नदीकाठी थांबली. पुढे दोन तासांहून जास्त वेळ प्रान बोलत राहिले. हे अमेरिकी नाहीत, फ्रेंच पत्रकार आहेत, तुमचा विजय जगाला सांगायला आले आहेत, असं विनवत राहिले. शेवटी सगळ्यांना सोडून दिलं.

सिनेमातला हा प्रसंग मी मुलांना दोनदा दाखवते. पहिल्यांदा ती घाबरतात. दुसऱ्यांदा विचारते, काय ऐकू आलं? तेव्हा लक्षात येतं की प्रानचं ते सगळं ख्मेर भाषेतलं बोलणं जोफे यांनी भाषांतराशिवाय ठेवलंय. खाली एकही ओळ येत नाही. तो हात जोडतो, हसतो, बोट दाखवतो, पुन्हा हात जोडतो. आपल्याला एक अक्षर कळत नाही. म्हणजे आपण शॅनबर्गच्या शेजारी उकिडवे बसलेले असतो, आणि आपला जीव एका माणसाच्या जिभेवर टांगलेला असतो. दुभाषा म्हणजे काय, हे मी तासभर फळ्यावर लिहून सांगितलं असतं तरी इतकं पोहोचलं नसतं.

वकिलातीतला पासपोर्ट

उरलेल्या परदेशी लोकांनी फ्रेंच वकिलातीत आसरा घेतला. शेकडो कंबोडियन माणसंही आत शिरली होती. ख्मेर रूजने निरोप पाठवला: परदेशी राहतील, कंबोडियन बाहेर येतील. माजी पंतप्रधान सिरिक मताक आत होते, त्यांनाही २० एप्रिलला सोपवावं लागलं. फ्रेंच बायकोपासून ख्मेर नवरा तोडला गेला, कारण दोघांचे कागद वेगळे होते.

प्रान यांच्यासाठी मित्रांनी कागद बनवायचं ठरवलं. स्वेन यांच्याकडे दुसरा पासपोर्ट होता. त्यांचं पूर्ण नाव जॉन अँकेटिल ब्रूअर स्वेन. त्यातलं अँकेटिल ब्रूअर तेवढं ठेवायचं आणि प्रान यांना ब्रिटिश नागरिक करून टाकायचं, असा बेत होता. मूळचं ख्मेर तोंड, उच्चारायला इंग्रजालाही जड जाईल असं नाव. तरी प्रान ते घोकत बसले.

सिनेमात इथे फोटोचा प्रसंग येतो. फोटो लावायला हवा, कागद आहे पण रसायनं नाहीत. कुठून कुठून जमवाजमव करून बाथरूममध्ये अंधारखोली उभी करतात. रॉकऑफच्या भूमिकेतला जॉन मालकोविच पाण्यात बुडालेल्या कागदाकडे बघत बसतो. प्रानचा चेहरा हळूहळू वर येतो. आनंदाने एकमेकांना मिठ्या मारतात. पासपोर्टवर डकवून फोटो वकिलातीच्या अधिकाऱ्याकडे जातो, आणि थोड्या वेळाने कळतं की चित्र टिकलं नाही. चेहऱ्याच्या जागी काळा चौकोन उरलाय.

इथे पडद्याला पुरावा समजू नये. रॉकऑफ सिनेमातल्या आपल्या चित्रणावर कायम नाराज राहिले, आणि ज्या छायाचित्रकाराच्या हातून असा फोटो बिघडल्याचं जगाने पाहिलं त्याची नाराजी मी समजू शकते. प्रत्यक्षात अडचण एका फोटोपुरती कुठे होती? फोटो उत्तम निघाला असता तरी सीमेवरच्या पहिल्या चौकीत एका ख्मेर माणसाने दुसऱ्या ख्मेर माणसाचा चेहरा ओळखलाच असता. मग नुसते प्रान नाही, वकिलातीतले सगळेच अडकले असते. बेत सोडून द्यावा लागला. तीन दिवसांपूर्वी ज्यांना या माणसाच्या बोलण्याने वाचवलं, त्यांना आता कागदाने त्याला वाचवता येईना.

प्रान फाटकातून बाहेर पडले. मित्रांनी जमवलेले पैसे आणि थोडं सामान त्यांच्याबरोबर होतं. परदेशी लोकांना नंतर मालमोटारींनी थायलंडच्या सीमेवर सोडण्यात आलं. सगळे सुखरूप बाहेर येईपर्यंत काही छापायचं नाही असं बातमीदारांनी आपसांत ठरवलं होतं, म्हणून शॅनबर्ग यांचा वृत्तांत ९ मेपर्यंत थांबला.

पुरस्कार

१९७६चं पुलित्झर पारितोषिक शॅनबर्ग यांना मिळालं. नॉम पेन्ह पडल्यावरही मोठा धोका पत्करून ते आपल्या जागी थांबले, असं मानपत्रात म्हटलं होतं. वाक्य एकाच माणसाबद्दल होतं. त्यांनी ते स्वतःच्या आणि प्रान यांच्या वतीने स्वीकारलं. प्रान जिवंत आहेत की नाही, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. शॅनबर्ग सीमेवरच्या मदतसंस्थांना पत्रं लिहीत होते, फोटो पाठवत होते, सॅन फ्रान्सिस्कोला राहिलेल्या प्रान यांच्या कुटुंबाची विचारपूस करत होते. सिनेमात समारंभाच्या रात्री रॉकऑफ शॅनबर्गला प्रसाधनगृहात गाठतो आणि तोंडावर सुनावतो: तू बक्षिसासाठी त्याला थांबवून घेतलंस. मला हा आरोप पूर्ण खरा वाटत नाही. पण पटकथाकाराने तो समारंभाच्या दिवशीच आणून ठेवला, हे योग्यच केलं.

चार वर्षं

प्रान यांनी शिक्षण लपवलं. फ्रेंच येत नाही, इंग्रजी येत नाही, मी टॅक्सी चालवायचो, एवढंच सांगायचं. जो माणूस बोलून जगला होता तो न बोलून जगला. सिएम रीपकडच्या एका खेड्यात शेतावर राबले. वाईट काळात दिवसाचा शिधा चमचाभर तांदळाचा होता. उंदीर, साप, किडे खाल्ले. मूठभर भात चोरताना सापडले तेव्हा मरेस्तोवर मार खाल्ला.

पडद्यावर या काळातलं एक दृश्य मला सगळ्यांत जास्त छळतं. फळ्यावर खडूने कुटुंब काढलंय, आई, बाप, मुलं, हातात हात धरलेली. एक पोर उठतं, फळ्याजवळ जातं आणि ते धरलेले हात पुसतं. कोणी ओरडत नाही. मारझोड नाही. 'अंगका', म्हणजे 'संघटना', हीच आता तुमची आई आणि बाप.

१९७५ ते १९७९ या काळात कंबोडियात सुमारे १७ ते २० लाख माणसं मेली: उपासमार, रोग, वेठ, आणि सरळ कत्तल. देशाची लोकसंख्या होती ८० लाखांच्या आत. डिसेंबर १९७८च्या अखेरीस व्हिएतनामी फौजा घुसल्या, ७ जानेवारी १९७९ला नॉम पेन्ह त्यांच्या हाती आलं. प्रान गावी परतले तेव्हा पन्नासहून अधिक नातेवाईक गेलेले होते. गावच्या विहिरी हाडांनी भरल्या होत्या. 'किलिंग फील्ड्स' हे शब्द त्यांचेच. व्हिएतनामींनी त्यांना सिएम रीपचा कारभार दिला, मग अमेरिकी पत्रकारांशी असलेला जुना संबंध उघड झाला आणि पुन्हा पळावं लागलं. ३ ऑक्टोबर १९७९ रोजी ते सीमा ओलांडून थायलंडमध्ये आले. शॅनबर्ग मिळेल त्या विमानाने निर्वासितांच्या छावणीत पोहोचले.

सिनेमात छावणीच्या या भेटीत शॅनबर्ग क्षमा मागतो आणि प्रान म्हणतो, क्षमा करण्यासारखं काही नाही. वर जॉन लेननचं गाणं वाजतं. गाणं मला तिथे नको होतं. इतका वेळ शब्दांशिवाय सांगण्याची हिंमत केलेल्या दिग्दर्शकाने शेवटी सगळ्यांना कळेल अशा शब्दांचा आधार घेतला. सिनेमात आणखी एक उणीव आहे, ती मोठी. ख्मेर रूज आले कुठून, त्यांना माणसं कशी मिळाली, व्हिएतनामी आणि चाम मुस्लिमांना वेगळं काढून कसं मारलं, हे फार थोडं कळतं. २०१८ साली नुऑन चिया आणि खिऊ साम्फान या ख्मेर रूजच्या नेत्यांवर वंशसंहाराचा ठपका आला तो याच समूहांबाबत. व्हिएतनामींबाबत दोघांवर, चाम लोकांबाबत नुऑन चियावर. बहुसंख्य ख्मेरांच्या हत्या कायद्याच्या भाषेत मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरल्या. पण दोन माणसांची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटात हे सगळं कुठे बसवायचं, याचं उत्तर माझ्याकडेही नाही.

ज्याने प्रान साकारला

हाइंग न्गोर हे नट नव्हते. नॉम पेन्हमधले स्त्रीरोगतज्ज्ञ. तेही तीच चार वर्षं काढून आलेले, डॉक्टर असल्याचं लपवून. छळात बोटाचा तुकडा गेला. १९७८ मध्ये त्यांची पत्नी बाळंतपणात अडली. सिझेरियन करायला हात होते, ज्ञान होतं. पण हत्यारं नव्हती, आणि डॉक्टर असल्याचं उघड झालं असतं तर सगळेच मारले गेले असते. ती त्यांच्यासमोर गेली, बाळासह.

वकिलातीच्या फाटकातून बाहेर पडताना प्रानचा जो चेहरा दिसतो तो अशा माणसाचा आहे. १९८५ साली त्यांना सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. ख्रिस मेंगेस यांच्या छायांकनाला आणि जिम क्लार्क यांच्या संकलनालाही मिळालं. चित्रीकरण थायलंडमध्ये झालं होतं, सीमेच्या अलीकडे. २५ फेब्रुवारी १९९६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये घराबाहेर न्गोर यांना गोळ्या घातल्या गेल्या. गळ्यातल्या सोन्याच्या लॉकेटमध्ये पत्नीचा फोटो असायचा. तो पुन्हा सापडला नाही.

दुसऱ्या दिवशीचा वर्ग

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा टाइम्सने आपल्या अफगाण सहकाऱ्यांना कुटुंबांसकट बाहेर काढलं. त्यांच्यासाठी आधी दार उघडलं मेक्सिकोने. ही बातमी मी वर्गात वाचून दाखवते आणि मुलांना १२ एप्रिलचा प्रश्न नव्याने लिहायला लावते. उत्तरं बदललेली असतात. एकीने लिहिलं होतं: "मी आधी त्याच्या नावाचा कागद तयार करीन, मग त्याला विचारीन की थांबायचं का." एकाने लिहिलं: "मीच निघेन. मी निघालो तर तो निघेल." या दुसऱ्या उत्तरावर आम्ही अर्धा तास भांडलो. दोघंही निघाले असते तर १७ एप्रिलला रुग्णालयाच्या खाटा रस्त्यावर ढकलल्या गेल्या, हे तितक्या जवळून कोणी लिहिलं असतं? मुलगा म्हणाला, "नसतं लिहिलं तर नसतं." त्याचे काका आमच्याच भागात तालुका वार्ताहर आहेत.

त्यानेच तास संपताना विचारलं, "मॅडम, प्रान यांचं नाव पेपरात कधी छापून आलं का?"

आलं. १९८० पासून ते न्यूयॉर्क टाइम्समध्ये छायाचित्रकार होते. २००८ मध्ये कर्करोगाने गेले. त्याआधीच्या कितीतरी वर्षांच्या अंकांत, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या फोटोंखाली, बारीक टायपात ते सापडतं: डिथ प्रान, द न्यूयॉर्क टाइम्स.